मेमरी भरली, पुढे काय?

सर्व्हरची मेमरी ८० टक्के भरली की अलार्म वाजवायचा, हे मुळात कोणी ठरवलं, ते कुठल्याच कंपनीत कोणाला ठाऊक नसतं. ७७ का नाही, ८३ का नाही, असं विचारणारा माणूस नवा असतो, आणि महिन्याभरात तोही विचारायचं सोडतो. मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर बसवताना त्या चौकटीत ८० आधीच लिहिलेलं होतं, बसवणाऱ्याने 'नेक्स्ट' दाबलं, आणि तो आता कॅनडात असतो. मागे राहिला आकडा. आमच्याकडे ८० चे ८५ झाले ते दिवाळीच्या सुट्टीआधी. ८५ चे ९० झाले ते एका बड्या क्लायंटची माणसं ऑफिस बघायला येणार होती म्हणून. ९० चे ९२ कधी झाले हे कोणालाच सांगता येत नाही. पण पुणेकराने केले असणार, कारण बाहेरच्याने थेट ९५ केले असते.

मराठी घरात रात्री दोननंतर फोन वाजला की सगळे एकदम उठून बसतात आणि 'कोण गेलं?' असं विचारतात. आयटीवाल्याच्या घरात तो आठवड्यातून तीनदा वाजतो. घरच्यांना हळूहळू कळतं की कोणीही गेलेलं नसून कुठल्यातरी प्रोसेसने जरा जास्त मेमरी घेतली आहे. 'घेऊ दे की मग,' असं पलीकडच्या खोलीतून सासरे म्हणतात आणि कूस बदलून झोपतात. नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय, की दहातल्या सात वेळा सासऱ्यांचं निदान बरोबर असतं.

कारण मेमरी भरणं हे सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्सचं कामच आहे. हिंजवडीच्या रात्रपाळीत नव्याने आलेला मुलगा पहिल्या अलार्मला धावत सर्व्हरवर जातो, 'फ्री' नावाची कमांड देतो आणि पांढरा पडतो. एकूण मेमरी ६४ जीबी, मोकळी जेमतेम ४०० एमबी. तो लगेच चार जणांना उठवतो. त्याच ओळीत सगळ्यात शेवटी 'अव्हेलेबल' नावाचा रकाना असतो आणि त्यात ४३ जीबी असं शांतपणे लिहिलेलं असतं; पण घाबरलेला माणूस ओळ शेवटपर्यंत वाचत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल लिनक्स मेमरीत ठेवून देतो. पुन्हा कोणी मागितली तर डिस्ककडे जावं लागू नये, एवढाच हिशेब. कोणाला मेमरी खरोखर लागली की ही जागा तो चुटकीसरशी सोडतो. मोकळी पडलेली मेमरी म्हणजे पैसे मोजून घेतलेली, वीज खाणारी आणि काहीही न करणारी वस्तू, आणि लिनक्सला असल्या वस्तू बघवत नाहीत. हा 'अव्हेलेबल'चा अंदाज लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आला तो २०१४ साली, ३.१४ या आवृत्तीत. त्याआधी लोक दोन-तीन रकाने मनातल्या मनात मिळवून तो काढत. आमची अलार्मची स्क्रिप्ट त्याही आधीची आहे. ती अजून जुनाच रकाना वाचते आणि अजून रोज घाबरते.

यावर एका ठिकाणी (नाव कशाला घ्या) काढलेला उपाय मी स्वतः पाहिला आहे. रोज पहाटे पाच वाजता एक क्रॉन चाले आणि मेमरीतला हा सगळा फाइलींचा साठा पुसून टाकी. सहाच्या अहवालात आलेख असा सपाट, असा स्वच्छ दिसे की बघणाऱ्याने धन्य व्हावं. नऊला ग्राहक येत, आणि पुसलेली प्रत्येक फाइल परत डिस्कवरून वाचताना सर्व्हर धापा टाकू लागे. मग 'सकाळी साइट स्लो असते' अशी वेगळी तक्रार वेगळ्या टीमकडे जाई, आणि ती टीम नेटवर्कवाल्यांशी भांडत बसे. अहवाल मात्र वर्षभर हिरवा होता. त्या क्रॉनच्या लेखकाला त्या वर्षी 'स्टार परफॉर्मर'चा चषकही मिळाला.

मेमरी कोण खातंय हे शोधायला गेलं की वेगळीच गंमत होते. आमच्या डिलिव्हरी मॅनेजरांनी एकदा प्रोसेसची यादी एक्सेलमध्ये घेतली, प्रत्येकीपुढचा मेमरीचा आकडा घेतला आणि बेरजेचं बटण दाबलं. डेटाबेस पोस्टग्रेस, यंत्र ३२ जीबीचं, बेरीज ४०० जीबीच्या वर. त्यांनी ती दोनदा तपासली. मग मीटिंग बोलावली आणि विचारलं, "हे उरलेले पावणेचारशे जीबी आपण कोणाचे वापरतोय?" त्यांच्या आवाजात काळजी होती ती मेमरीची नव्हती, बिलाची होती.

झालं होतं एवढंच की पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीसाठी एक प्रोसेस उभी करतो आणि त्या सगळ्या मिळून एकच सामाईक साठा वापरतात. इथे तो ८ जीबीचा होता. यादीत मात्र प्रत्येक प्रोसेस तो आठच्या आठ जीबी आपल्याच नावावर दाखवते. पन्नास जोडण्या, पन्नास गुणिले आठ, चारशे. पीएसएस नावाचं एक माप आहे, ते सामाईक साठा वापरणाऱ्यांत समान वाटून दाखवतं आणि मग बेरीज जमते. हे मी सांगितलं. मॅनेजर ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे मेमरी कमी लागते?" म्हटलं, "नाही, जेवढी लागते तेवढीच लागते." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते माझ्याविषयी असावं.

आता दहातल्या ज्या तीन वेळा सासरे चुकतात, त्यांच्याविषयी. गळती ही खरी गोष्ट आहे. प्रोग्राम मेमरी मागतो, काम करतो आणि परत करायला विसरतो. किंवा एखादी यादी अशी ठेवतो की तिच्यात भर पडत राहते आणि वजा कधीच होत नाही. टक्का बघून हे कळत नाही. चढ बघावा लागतो. जावाच्या प्रोग्रामचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा चढतो आणि उतरतो, कारण कचरा साठला की तो एकदम झाडला जातो. दात्यांची टोकं कितीही वर गेली तरी झोपून राहावं. दात्यांचे तळ रोज थोडे थोडे वर सरकताहेत असं दिसलं, तर उठून बसावं. ९३ टक्क्यांवर महिनाभर पडलेला सर्व्हर धडधाकट असू शकतो, आणि रोज दोन टक्क्यांनी चढणारा ५५ टक्क्यांचा सर्व्हर येत्या महिन्याभरात आडवा होणार असतो. अलार्म वाजतो तो पहिल्याचा.

२०१८ च्या शेवटी लिनक्सच्या ४.२० आवृत्तीत एक शहाणं माप आलं. मेमरी किती भरली हे ते विचारतच नाही. मेमरीची वाट बघत प्रोसेस किती वेळ ताटकळल्या, ते सांगतं. म्हणजे गर्दी किती हे न मोजता खोळंबा किती हे मोजायचं. यावर अलार्म लावा असं मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतो. सगळे मान डोलावतात. मग कोणीतरी विचारतं, "पण हे टक्क्यात मिळेल का?" मिळतं, टक्क्यातच मिळतं. पण निरोगी सर्व्हरवर तो टक्का शून्याच्या आसपास असतो, आणि इतका लहान आकडा मोठ्या पडद्यावर लावला तर पाहुण्यांना काय दाखवायचं, असा प्रश्न उभा राहतो.

अलार्मला द्यायचा प्रतिसाद सर्वत्र एकच आहे: रिस्टार्ट. गळतीवर तो उतारा म्हणून लागूही पडतो, आणि तीच अडचण आहे. रिस्टार्ट केला की पुरावा जातो. कोणत्या प्रोसेसने घेतली, कधीपासून चढू लागली, त्या दिवशी काय बदललं होतं, हे आधी टिपून ठेवलं नाही तर सकाळच्या मीटिंगला हातात फक्त 'आता बरं आहे' एवढंच असतं. शहाणी माणसं आधी हीप डंप घेतात, म्हणजे जावाच्या पोटात काय काय आहे त्याची जशीच्या तशी फाइल. ती फाइल पोटाएवढीच मोठी असते. रात्री तीन वाजता पंधरा जीबीची फाइल डिस्कवर उतरते आणि पाचव्या मिनिटाला डिस्क भरल्याचा अलार्म वाजतो. तो दुसऱ्या टीमचा असतो. त्यांनाही उठवावं लागतं. ते उठतात आणि काही न विचारता सगळ्यात मोठी फाइल पुसून परत झोपतात.

तरीही काही ठिकाणी रिस्टार्टला प्रतिष्ठा मिळाली आहे. दर गुरुवारी पहाटे सर्व्हर बंद करून चालू करायचा, याला 'वीकली मेंटेनन्स' म्हणतात. गुरुवारच का, असं विचारलं तर कोणी दत्तगुरूंचं नाव घेत नाही, पण घेतलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. खंडेनवमीला त्याच रॅकला हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ चढते, समोर नारळ फुटतो. नारळाचं पाणी कुठवर उडू द्यायचं यावर मात्र सर्व्हर रूममध्ये लेखी नियम आहे, आणि आमच्या सगळ्या कागदपत्रांत अद्ययावत असलेला तो एकमेव नियम.

माणूस काहीच करत नाही तेव्हा लिनक्स स्वतः करतो. मुळात तो सढळ हाताचा. प्रोग्रामने मागितली तेवढी मेमरी देतो, आपल्याकडे तेवढी आहे का हे फारसं बघत नाही. लग्नाच्या पत्रिका आठशे वाटायच्या आणि ताटं पाचशेच सांगायची, सगळे थोडेच येणार आहेत, हा तो हिशेब. बहुतेक वेळा जमतो, कारण प्रोग्राम मागतात खूप आणि वापरतात थोडं. पण एखाद्या दिवशी आठशेच्या आठशे येतात. तेव्हा गाभ्यातला ओओएम, म्हणजे 'आउट ऑफ मेमरी', किलर जागा होतो. त्याचं काम एकच: प्रत्येक प्रोसेसला गुण द्यायचे आणि सगळ्यात जास्त गुणांची मारायची. गुण मुख्यतः मेमरी किती घेतली यावर मिळतात. त्यामुळे होतं काय, की ज्या डेटाबेससाठी तो सर्व्हर विकत घेतला, तोच सगळ्यात लठ्ठ असल्याने पहिला मरतो. वाचतो कोण? सर्व्हरवर बाहेरून शिरायला दार उघडणारा एसएसएच वाचतो, कारण तो स्वतःला उणे १००० गुण देऊन ठेवतो. म्हणजे आत जाऊन नासधूस बघायची सोय अबाधित राहते. आणि वाचतं ते अलार्म वाजवणारं सॉफ्टवेअर. ते लहान असतं आणि दुसऱ्यांबद्दल बोलण्यापलीकडे काही करत नाही. असे लोक कुठेही टिकतात.

कोणाला मारावं हा वाद जुना आहे. २००४ साली अँड्रिस ब्राउवर या डच गृहस्थांनी यावर एक विमान कंपनी रचली होती. इंधन कमी भरलं की विमान हलकं होतं आणि पैसे वाचतात, असा शोध त्या कंपनीला लागतो. क्वचित इंधन संपतं, तेव्हा एका प्रवाशाला बाहेर फेकायची यंत्रणा तिचे इंजिनिअर बसवतात. मग सगळी बुद्धी तो प्रवासी कसा निवडावा यावर खर्च होते: वजनदार बघून, म्हातारा बघून, की चिठ्ठ्या टाकून? जादा पैसे भरणाऱ्याला सूट द्यावी का? वैमानिक निवडला गेला तर? पुरेसं इंधन भरावं असं त्यात कोणी म्हणत नाही. इतक्या वर्षांत लिनक्सची निवडपद्धत पुन्हा लिहिली गेली, गुण बदलले, विमान अजून त्याच हिशेबाने उडतं.

या किलरची नोंदवहीतली भाषा तर विचारूच नका. प्रोसेस मारताना तो लिहीत असे, 'आउट ऑफ मेमरी: किल प्रोसेस अमुक, स्कोअर तमुक, ऑर सॅक्रिफाइस चाइल्ड'. मूळ प्रोसेस वाचवता आली तर तिच्या पोटची एखादी मारायची, असा त्याचा साधा तांत्रिक अर्थ. आमच्या टीममधल्या एका मुलाने ही ओळ संध्याकाळी घरी फोनच्या स्पीकरवर मोठ्याने वाचून दाखवली. शेजारी त्याची आजी वाती वळत बसली होती. "म्हणजे रे काय?" तिने विचारलं. त्याने भाबडेपणाने भाषांतर केलं. आजीच्या हातातली वात तशीच राहिली. "कोणाचं पोर?" ती म्हणाली. त्याने जावाचं असं सांगितलं. "जावेचं?" आजी म्हणाली, आणि पुढचा अर्धा तास आम्ही कॉलवर त्यांच्या घरातला एक जुना वाटणीचा तंटा ऐकला. महाराष्ट्राने २०१३ साली नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा केला. ही ओळ त्यानंतरही काही वर्षं राज्यातल्या हजारो सर्व्हरवर बिनबोभाट छापली जात होती. पुढे लिनक्सवाल्यांनी ती काढून टाकली. कायद्याला घाबरून नव्हे, हे सांगायला नको.

प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या खोलीत चालवणारे कंटेनर आल्यापासून हत्येची पद्धत सुधारली आहे. आता सगळ्या गावाची मेमरी संपायची वाट बघत नाहीत. प्रत्येकाला कुंपण घालून दिलेलं असतं आणि ते ओलांडलं की तिथल्या तिथे. हे मेमरीचं कुंपण २००८ साली लिनक्सच्या गाभ्यात आलं आणि ते घालण्यात आयबीएममधले भारतीय अभियंते बलबीर सिंग यांचा मोठा हात होता. जावाला मात्र २०१८ पर्यंत कुंपण दिसतच नसे. त्याला दोन जीबीची खोली दिलेली असे, आणि तो खिडकीतून ६४ जीबीचं यंत्र बघून त्याचा पाव हिस्सा, म्हणजे १६ जीबी, आपलाच समजे. दोन जीबी ओलांडले की खेळ खलास. मागे राहतो फक्त १३७ हा आकडा: १२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही असा मरणाचा हुकूम. जावाच्या स्वतःच्या नोंदीत याची एकही ओळ सापडत नाही, कारण शेवटचे दोन शब्द बोलायलाही वेळ दिलेला नसतो. नवा मुलगा ती नोंद दोन तास वाचतो आणि सांगतो, "सर, सगळं व्यवस्थित चाललं होतं."

मेमरीच्या अलार्मला माणसाने नीट उत्तर दिल्याचं उदाहरण हवं असेल तर १९६९ मध्ये जावं लागतं. २० जुलै, अपोलो ११, चंद्रापासून दहाएक किलोमीटर उंचीवर यानाच्या संगणकाने १२०२ असा अलार्म दिला. त्या संगणकाची बदलता येणारी मेमरी सगळी मिळून २०४८ शब्द. आज एका इमोजीच्या चित्रालाही ती पुरायची नाही. वरच्या यानाशी पुन्हा भेट होण्यासाठीच्या रडारकडून येणारे फुकाचे संकेत संगणकाचा वेळ खात होते, कामं वेळेत उरकत नव्हती आणि नव्या कामासाठी मेमरीत बारा शब्दांचा एक मोकळा कप्पाही शिल्लक नव्हता. आर्मस्ट्राँग यांनी खाली विचारलं, हे काय आहे सांगा. ह्यूस्टनमध्ये निर्णय द्यायचा होता स्टीव्ह बेल्स यांना, वय २६. त्यांना मागच्या खोलीतून सांगणारे जॅक गार्मन, वय २४. आणि गार्मन यांच्यासमोर हाताने लिहिलेली एक यादी होती: कोणता अलार्म, कशाने, आणि आला तर काय करायचं. काहीच सेकंदांत उत्तर गेलं: सतत येत नसेल तर पुढे चला. खाली उतरेपर्यंत १२०२ पुन्हा आला, मग १२०१ आला. संगणक दर वेळी स्वतःला सावरून कमी महत्त्वाची कामं टाकून देत होता आणि यान उतरवायचं काम धरून ठेवत होता.

ती यादी तिथे होती याचं कारण त्याआधी थोडेच दिवस एका सरावात असाच अलार्म आला होता आणि बेल्स यांनी उतरणं रद्द करायला सांगितलं होतं. तशी गरज नव्हती हे नंतर कळलं. त्यावर फ्लाइट डायरेक्टर जीन क्रँझ यांनी फर्मावलं, एकूण एक अलार्म काढा आणि प्रत्येकापुढे काय करायचं ते लिहा. आमच्याकडेही असा दस्तऐवज आहे. त्याला रनबुक म्हणतात. मेमरीच्या अलार्मपुढे त्यात लिहिलंय: 'संबंधित टीमशी संपर्क साधावा.' संबंधित टीम आम्हीच.

आणि एकच अलार्म असता तर तेही चाललं असतं. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात १९९४ साली स्फोट झाला, तेव्हा शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. त्यातून तिकडच्या उद्योगांनी एक संकेत घालून घेतला: एका माणसाला साधारण दहा मिनिटांत एकच अलार्म झेपतो. हे वाचून मी आमच्या ग्रुपवर टाकलं. तीन जणांनी अंगठा दाखवला. उरलेल्यांनी तो ग्रुप केव्हाच म्यूट केला होता, कारण त्यावर अलार्म येतात.

शेवटी आमच्याकडे झालं ते सगळीकडे होतं तेच. गळती कुठे आहे ते शोधायला एक इंजिनिअर दोन आठवडे द्यावा लागला असता. मेमरी दुप्पट करायला एक सही पुरते. सही झाली. ६४ चे १२८ जीबी झाले. लिनक्सने नव्या जागेत आणखी फाइली आणून ठेवल्या. जावाने यंत्राकडे पाहिलं, पाव हिस्सा आता १६ नव्हे, ३२ जीबी होतो हे ओळखलं, आणि कचरा झाडायची घाई सोडून दिली. पंधरवड्यात आलेख होता तिथे आला. अकाउंट्सच्या बाई वर आल्या. त्यांना मालमत्तेच्या रजिस्टरात नोंद करायची होती. त्यांनी चष्मा सारखा करून विचारलं, "तुमची ती नवी चौसष्ट जीबी आहे कुठे?"

"भरली, मॅडम," नवा मुलगा म्हणाला.

"सगळी?"

"सगळी."

"आणि आधीची?"

"ती आधीच भरली होती."

बाईंनी क्षणभर विचार केला, 'मालमत्ता' या शब्दावर काट मारली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: उपभोग्य साहित्य.